नालोंगोचे हात आधी पोचले

जुळ्यांची आई म्हणून युगांडातलं सारं मसाका शहर तिला नालोंगो म्हणे आणि नवऱ्याला सालोंगो. उभी हयात तिने लोकांसाठी टॅक्सी चालवली. आता स्वतःच्या हौसेने, नवऱ्याला घेऊन तिला रवांडामार्गे टांझानियाच्या जंगलापर्यंत जायचं होतं. घोडं अडलं एकाच गोष्टीवर. युगांडात गाड्या डावीकडून चालतात, रवांडात उजवीकडून.

"हाताला वळण लागेल तेव्हाच मी शेजारी बसेन," सालोंगोने बजावलं. "हत्ती बघायला निघायचं आणि ट्रकखाली जायचं, असं नको."

मग शाळेच्या मैदानात विटा मांडून तिने रस्ता आखला. रोज सकाळी गायी हुसकून ती उजवीकडून चालवायचा सराव करी. आज एकदाही चुकली नाही. सालोंगो शेजारी येऊन बसला. आनंदाच्या भरात ती तशीच फाटकाबाहेर पडली.

समोरचा मोटारसायकलवाला करकचून ब्रेक दाबून थांबला. "नालोंगो, कुठल्या देशात आहात?"

ती उजवीकडेच होती! आधी गोठली, मग खो खो हसत सुटली.

सालोंगोने कपाळावर हात मारला. "हात तर रवांडात पोचले. चल बाई, आता आपणही निघू."

"आधी डावीकडे घ्या!" मोटारसायकलवाला ओरडला.