पेशींना सोसेल एवढा उजेड

पिंपरीला औषधांचा कारखाना उभा राहिला, त्या सुमारास ज्योतीराम बार्शीहून चिंचवडला आला आणि त्यानं फोटोचं दुकान थाटलं. उजेड भरपूर, तर फोटो झकास, हे त्याचं शास्त्र. लग्नाला त्याला लांबून बोलावणी यायची.

एकदा कारखान्याच्या प्रयोगशाळेतून सुमनताईंचा निरोप आला. अंड्यातल्या पिलाच्या हृदयाच्या पेशी त्या काचेत वाढवत. एका पेशीच्या दोन कशा होतात, याची त्यांना फिल्म हवी होती. ज्योतीरामनं सूक्ष्मदर्शकाखाली प्रखर दिवा सतत पेटता ठेवला, वर कॅमेरा बसवून तो घड्याळाच्या यंत्राला जोडला. थोड्या थोड्या वेळानं आपोआप चित्र निघू लागलं. सुमनताईंनी भोवती लाकडी पेटी करून आत ऊब ठेवली, पेशींचं खाद्य सुकू नये म्हणून काचेच्या कडा मेणानं बंद केल्या. तरी पेशी आक्रसून मेल्या. पुन्हा मांडलं, पुन्हा तेच. शेजारच्या उबदार कपाटात, कॅमेऱ्याविना ठेवलेल्या पेशी मात्र मजेत वाढत होत्या.

"उपाशी ठेवलं नाही, गारठू दिलं नाही," सुमनताई म्हणाल्या. "उरला तो तुमचा दिवा, ज्योतीरामभाऊ."

हे त्याच्या जिव्हारी लागलं. मग त्यानं दिव्यापुढं पत्र्याची झडप बसवली, चित्र निघतं तेवढ्या क्षणापुरतीच उघडणारी, आणि उजेड सौम्य करायला एक हिरवी काच लावली. पेशी जगल्या, पण फिल्म काळपट निघाली. धुण्याचं रसायन कडक करून पाहिलं, तर चित्रावर दाणे उमटले. असलं काम आपण गिऱ्हाइकाला कधी दिलं नसतं, असं तो खजील होऊन सांगू लागला. सुमनताईंनी दाण्यांकडं पाहिलंच नाही. त्यांनी कपाटातल्या पेशी आणल्या, कॅमेऱ्याखालच्या पेशींशेजारी ठेवून निरखल्या. दोन्हीकडं वाढ सारखीच होती.

"आता हे खरं," त्या म्हणाल्या. "यांना कळलंच नाही, कुणी बघतंय ते."

कँटीनमध्ये पांढरी चादर टांगून फिल्म दाखवली. कामगार, साहेब, ज्योतीरामची बायको रुक्मिणीबाई, सगळे दाटीनं बसले. पडद्यावर एक पेशी गोल झाली, कंबरेत आवळली, आणि दोन होऊन पसरली. मग टाळ्या उठल्या त्या थांबेनात. फिल्म गुंडाळून पुन्हा लावावी लागली, आणि परत एकदा.

त्याच आठवड्यात ज्योतीरामनं दुकानाची पाटी नव्यानं रंगवली: लग्न, मुंज, बारसं आणि जिवंत पेशी.