आमराईतले खडूचे नंबर

मित्रहो, ती या ग्रुपात नाही, म्हणून बिनधास्त लिहितो.

आज अड्याळहून घरी आलो, तर आमच्या आमराईत झाडाझाडावर खडूने नंबर! आमच्याकडे असे नंबर लाकूडवाला ठेकेदार टाकतो, झाडं कापायच्या आधी. बाबांनी मला न विचारता झाडं विकली? डोकंच फिरलं. गळ्यातल्या दुपट्ट्याने नंबर पुसत, शिव्या देत आमराईत आत घुसलो.

शेवटच्या आंब्याला मापाची टेप गुंडाळून ती उभी. मी अर्धवट सोडलेल्या कॉलेजातली. जिच्याशी बोलायची कधी हिंमत झाली नाही, तीच.

"काहून पुसले?" ती कडाडली. "झाडात कार्बन किती साठला, ते घेरावरून काढून राहिली मी. आता कोणतं झाड कोणतं, कसं ओळखू?"

झाडाखालच्या खाटेवरून बाबा म्हणाले, "पोरी, याच्या डोक्यातून धूर निघते, तो कोणत्या झाडात मावन ते बी मोज."

ती खुदकन हसली आणि मला म्हणाली, "उद्या परत यावं लागन. टेप धराले थांबजो. अन् या बारीनं नंबर ऑइलपेंटनं टाकीन."

तर जाणकारांनो, एवढंच सांगा: झाडावरचा ऑइलपेंट कशाने निघतो?