चिपवाली कंपनी आणि आमचा दुसरा हलर

मोखाड्यात माझ्या भातगिरणीच्या मागच्या पायरीवर नेटवर्क चांगलं मिळतं. तिथे बसून मी संध्याकाळी अमेरिकेतल्या एका चिप बनवणाऱ्या कंपनीचा भाव बघतो. तिकडचा बाजार उघडतो तेव्हा आपल्याकडे दिवस मावळलेला असतो. पूर्वी पायरीवर आम्ही दोघं असायचो, मी आणि माझा भागीदार. शेअर घ्यायची कल्पना त्याची होती, कंपनी मी निवडली. संगणकाचा प्रोसेसर कसा असावा हे ती स्वतः ठरवते आणि स्वतःच्याच कारखान्यात बनवते, एवढं मी वाचलं होतं. बाकीच्या बऱ्याच कंपन्या नुसता आराखडा काढतात आणि माल दुसऱ्याकडून करून घेतात. मला ते पटत नाही. दुसऱ्यांच्या गोण्या उचलत उचलत मी भात भरडायचा पहिला हलर घेतला. स्वतःचं यंत्र नसलेल्याला मी धंदेवाला म्हणत नाही.

दुसरा हलर आम्ही भागीदारीत घेतला होता. त्याच्यावरूनच भांडण झालं.

"दादा, हलर तांदूळ तोडतो," भागीदार म्हणाला. "गिऱ्हाईक अख्खा दाणा मागतं. वाडा गावच्या मोठ्या गिरणीतून भरडून आणू, पिशवीवर छाप आपला मारू. यंत्र कशाला सांभाळायचं?"

"आणि मी काय पिशव्या शिवत बसू?"

"शिवायच्या नाहीत, विकायच्या."

हातातलं माप मी भिंतीवर आपटलं. त्याने चप्पल घातली आणि निघाला. मी हाक मारली नाही.

का मारली नाही, ते सांगतो. आयुष्यभर मी सौदे असेच केलेत. भाव पटला नाही की उठायचं, पाठ फिरवायची, चालू लागायचं. थोडं पुढे गेलं की मागून हाक येते. आधी हाक मारणारा भावात खाली येतो. म्हणून भागीदार उठला तो हिस्सा वाढवून घ्यायला, असंच मी धरलं. त्याने खोडाळ्यात तांदळाचं दुकान टाकलं तेव्हाही मला वाटलं, गड्याने जरा लांबवलंय, इतकंच. दुसरा हलर नुसताच उभा होता, पण गंज चढू नये म्हणून मी तेल घालत राहिलो.

मग कंपनीच्या बातम्या सुरू झाल्या. आधी कळलं, नवा प्रोसेसर लांबणीवर पडला. मग त्याचा आराखडा बदलला. मग कुजबुज निघाली की तो घरच्या कारखान्यात बनणारच नाही, परदेशातल्या दुसऱ्या कारखान्याला काम जाणार. मी शेअरवाल्यांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप गटात आहे, बहुतेक ठाण्याचे लोक. तिथे दिवसभर तर्क चालायचे. कंपनीचा साहेब भाषणात कारखान्याबद्दल बोलला नाही, म्हणून एक म्हणायचा विका. कारखान्यात नवी यंत्रं आली म्हणे, म्हणून दुसरा म्हणायचा घ्या. भाव रोज थोडा उतरत होता.

मी लिहिलं, "कंपनी कुठे जात नाही. परक्याच्या दारात उभी राहते ती घरच्यांना घाबरवायला. परत येईल."

"काका, ये सब्जी मंडी नहीं है," एकाने उत्तर दिलं.

"काका, आज टमाटर क्या भाव?" दुसऱ्याने विचारलं.

मी त्यांना जे लिहिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेअर मात्र विकले नाहीत.

आणि कंपनी परत आली. तो प्रोसेसर मुख्यतः घरच्याच कारखान्यात बनेल, बाहेर थोडंच काम जाईल, असं तिने जाहीर केलं. भाव चढला. गटात सगळे मला गुरू म्हणायला लागले. "काका, आगे क्या लगता है?" मी पायरीवरच होतो. "बघ, मी काय म्हणालो होतो," असं बोलून बाजूला पाहिलं, तर तिथे कोंड्याची गोणी टेकवलेली. बायको लेकीकडे नाशिकला असते. एकट्यासाठी भाकरी थापायचा कंटाळा आला, म्हणून हलरखालच्या कण्या शिजवल्या आणि मिठाबरोबर खाल्ल्या.

बाजाराच्या दिवशी जीपने खोडाळ्याला गेलो. रिकाम्या गोण्या घ्यायच्या आहेत, असं जीपमध्ये सगळ्यांना सांगितलं. भागीदाराच्या दुकानात छापील पिशव्या छतापर्यंत रचलेल्या होत्या.

"या दादा, बसा. काळे झालात."

"पाहिलंस? आपली कंपनी परत आली."

"पाहिलं. मी माझे मधेच विकले."

"घाई नडली तुला. पाठ फिरवली म्हणजे गेली असं नसतं."

तो गिऱ्हाइकाला तांदूळ मापत होता. त्याने माप खाली ठेवलं. "दादा, कंपनीचंच बोलताय ना?"

मग मी सरळ बोललो. "तुझा भाव सांग. पिशवीवर छाप मार, वाड्याहूनही आण. हिस्सा निम्म्याच्या वर देतो."

आयुष्यात एवढा वर मी कुणासाठी चढलो नव्हतो.

"मी भाव करीत नव्हतो, दादा," तो म्हणाला. "मी गेलो होतो. तो हलर विकून टाका, मला त्यातलं काही नको."

त्याने मागवलेला चहा अर्धा ठेवून मी उठलो. बाजारातून सावकाश चाललो. मागून हाका येत होत्या, मिरचीवाल्याच्या, सुक्या मासळीवालीच्या, "मोखाडा, मोखाडा" अशा जीपवाल्याच्या. जीप भरेपर्यंत मी बाहेरच उभा राहिलो. मग बसलो.

राग माझा गेलेला नाही. हलरवर पट्टा कसा चढवायचा ते त्याला मीच शिकवलं होतं. ते तो कुणाला सांगत नसणार.

जव्हारचा एकजण जुनी यंत्रं घेतो. दुसऱ्या हलरसाठी तो बऱ्याचदा येऊन गेला होता, मी दर वेळी हाकलला होता. या वेळी त्याने भाव सांगितला आणि मी म्हणालो, "ने."

तो थबकला. हलरभोवती फिरला, खाली वाकून पाहिलं, बोट लावून तेल हुंगलं. "शेठ, आतून काही तुटलंय का?"

"काही तुटलेलं नाही."

"मग एवढ्यात हो कसं म्हणालात?"

"घ्यायचा तर घे, नाहीतर चालता हो!"

तो खरंच चालता झाला. टेम्पोपाशी पोचला, दार उघडलं. मग मीच पायरीवरून त्याला हाक मारली. सवय नव्हती, म्हणून आवाज फार मोठा निघाला.