खिडकीकडची फांदी

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या या माणसाला सगळे भिंगरीकाका म्हणत आणि त्यात काडीचंही खोटं नव्हतं. उभ्या जन्मात ते एका जागी बसून चहा प्यायलेले कुणी पाहिले नाहीत. फोन वाजला की हातातला घास ताटात टाकून पळायचे, कारण कुठल्या तरी इमारतीत दोन मजल्यांच्या मधे कुणीतरी अडकलेलं असायचं. नोकरी संपली, पण पायांना ते कुणी कळवलंच नाही. घरात या खोलीतून त्या खोलीत, आणि तिथून मागच्या दारी, अशा त्यांच्या फेऱ्या चालू असत. काकू म्हणायच्या, फरशी झिजली तर तुमच्याकडूनच बसवून घेईन.

मागच्या दारी संत्र्याची चार झाडं होती. मुलगी नोकरीसाठी दूर गेली त्या वर्षी काकांनी ती लावली, कारण तिला संत्रं म्हणजे जीव की प्राण. झाडं फळ धरायला लागली आणि तिथूनच काकांच्या जिवाला घोर लागला. एका वर्षी एवढी फळं, की फांद्यांना बांबूचे टेकू द्यावे लागत. पुढच्या वर्षी औषधाला एक मिळायचं नाही. त्यातही नशीब असं, की भरल्या वर्षी मुलीची रजा कुठेतरी अडकायची आणि रिकाम्या वर्षी ती हटकून यायची.

अशाच एका रिकाम्या वर्षी थंडीत ती आली ती लेकीला घेऊन. नातीला काकांनी फोनवर वर्षभर संत्र्यांच्या गोष्टी सांगितल्या होत्या. ती चप्पल न घालताच मागे पळाली, चारही झाडांना प्रदक्षिणा घालून आली आणि म्हणाली, "आजोबा, ही संत्र्याची झाडं नाहीतच. तुम्ही थापा मारता." सगळे हसले. काकाही हसले. मग बाजारातून आणलेलं संत्रं ती त्यांच्याच झाडाखाली बसून खाऊ लागली, आणि काकांना ते बघवेना. ते उगाच नळ दुरुस्त करायला गेले. नळाला काही झालं नव्हतं.

पाहुणे गेले आणि काका हात धुऊन झाडांच्या मागे लागले. आळी उकरली, खत घातलं, पाणी तोडलं, मग घाबरून पुन्हा सोडलं. सकाळी घातलेलं खत दुपारी कमी वाटायचं. अखेर काकूंनीच त्यांना रोपवालीकडे पिटाळलं. ही बाई कोपऱ्यावर रोपं विकायची, आणि चारही झाडं तिच्याकडचीच होती.

तिने खताची सगळी कहाणी कुंड्या भरता भरता ऐकून घेतली.

"फळ पिकल्यावर झाडावर किती दिवस ठेवता?" तिने विचारलं.

"मुलगी येईपर्यंत."

"आणि ती येते कधी?"

काका कुंड्यांभोवती फिरू लागले. येते, बघते, पुढच्या महिन्यात नक्की, असं ऐकत ऐकत भरल्या वर्षीची फळं पार उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत लटकत राहायची. साल फुगून सैल व्हायची, आतल्या फोडी कोरड्या पडायच्या, तरी काका कुणाला हात लावू देत नसत.

"मग झाड पुढच्या वर्षीची कळी धरणार कधी?" रोपवाली म्हणाली. थंडीभर अंगावर ओझं बाळगलं की झाड थकतं, दुसऱ्या वर्षी फुलतच नाही, आणि वर्षभर आराम झाला की तिसऱ्या वर्षी भरमसाट फुलतं. भरल्या वर्षी फळ गोटीएवढं असतानाच निम्मं काढायचं आणि पिकलं की ताबडतोब उतरवायचं. बाकी खतबित नंतर.

त्या वर्षी झाडं भरभरून फुलली. फळं गोटीएवढी झाली, तेव्हा काका कात्री घेऊन उभे राहिले आणि हातच उचलेना. चांगली धरलेली फळं आपल्या हाताने खाली पाडायची म्हणजे काय. शेवटी डोळे बारीक करून एकेक कापत गेले. वाईट फार वाटलं. काकू स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होत्या, पण या वेळी त्यांनी थट्टा केली नाही.

थंडीत फळं पिकली. मुलगी फोनवर म्हणाली, बघते. काकांनी मन घट्ट करून सगळ्या झाडांची फळं उतरवली, शेजारीपाजारी वाटली. फक्त खिडकीकडच्या एका फांदीवरची फळं तेवढी ठेवली. न जाणो, आलीच तर. रोपवालीला यातलं काही सांगितलं नाही. मुलगी आली नाही. फळं सुकली आणि एका सकाळी काकूंनीच ती काढून टाकली.

पुढे हवा तापू लागली, तशी चारही झाडं पुन्हा फुलली. गेल्या वर्षीइतकी नाही, पण फुललीच. रिकाम्या जायच्या वर्षी फुललेली झाडं काका पहिल्यांदाच बघत होते. एका झाडापासून दुसऱ्याकडे नुसती धावपळ चालली होती. मग ते खिडकीपाशी आले. सगळं झाड पांढरं झालं होतं, आणि तेवढी एकच फांदी हिरवीगार, कोरी होती. एक कळी नव्हती तिच्यावर.

त्यांनी मुलीला फोन लावला. पहिला प्रश्न दरवेळचा ठरलेला होता, कधी येतेस. तो तोंडाशी आला आणि त्यांनी गिळला. फुलांचं सांगितलं. मग राहवेना म्हणून फांदीचंही सांगून टाकलं.

"तुझ्यासाठी ठेवली होती गं फळं. तेवढीच फांदी कोरी राहिली."

फोन कानाला लावूनच काका खोलीभर फिरले.

"बाबा," मुलगी म्हणाली, "मी आपली रजा मिळेल तेव्हा येत राहिले. फळं उतरवायची असतात कधी, हे मी तुम्हाला कधी विचारलंच नाही."

"थंडी पडली की."

"मग ती रजा मी आत्ताच मागून ठेवते. आणि नाहीच जमलं, तर उतरवून टाका. माझ्यासाठी ठेवू नका."

काका बरं म्हणाले. फोन ठेवून त्यांनी कात्री उचलली आणि मागच्या दाराकडे निघाले.

"अहो, अजून नुसती फुलंच आहेत," काकू म्हणाल्या. "आत्ता काय कापणार?"

काही नाही, असं म्हणून ते गेले. काकूंनी खिडकीतून पाहिलं. कोऱ्या फांदीवर हात ठेवून ते उभे होते. कुकरची शिट्टी झाली, दारावर कुणीतरी घंटी वाजवून गेलं, तरी भिंगरीकाका जागचे हलले नाहीत.