देवकाबाईचं दुसरं मडकं

देवकाबाईनं आयुष्यात कुणावर भरवसा ठेवला असेल, तर तो आपल्या बैलांवर. माणसांची तिला खात्री नव्हती. तुपाच्या बरणीला ती बाहेरून काजळाची रेघ ओढून ठेवी आणि शेजारीण विस्तव मागायला आली, तर निघताना तिच्या पदराकडे बघे. आमगावजवळच्या त्या गावात म्हणत, देवकाबाईच्या घरून चोरसुद्धा आपली झडती देऊन जाईल.

तिचा एकुलता एक मुलगा, पंधरा वर्षांचा जागेश्वर, बाप गेल्यापासून घरात हूं की चूं करत नव्हता. एकोणीसशे बत्तीस-तेहेतीस साली शाळेचा नवा मास्तर शालीकराम यानं गावातल्या पोरांना दंडार शिकवायला घेतली. दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, हा नाचगाण्याचा खेळ व्हायचाच, पण आजवर तो एकाच मोहल्ल्याचा असे. मास्तरनं सगळ्याच मोहल्ल्यांतली पोरं गोळा केली. जागेश्वरही रोज दुपारी गावाच्या कडेला, गुरं जमतात त्या आखरावर जाऊ लागला.

देवकाबाईच्या मनात पाल चुकचुकली. फुकट शिकवणारा माणूस आतून काहीतरी काढून घेतो, असं तिचं पक्कं मत होतं. त्यात पेटीतलं तिचं हिरवं लुगडं नाहीसं झालं. मग काय! ती आखराजवळच्या भाताच्या तणसीच्या ढिगाआड जाऊन बसली.

लुगडं सापडलं. ते जागेश्वरच्या अंगावर होतं. कमरेवर हात ठेवून, रिकाम्या बरणीला काजळाची रेघ ओढत तो खणखणीत आवाजात ओरडत होता, ‘माह्यं तूप कोनं खाल्लन वो?’ आणि पोरं हसून लोळत होती.

देवकाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. मुस्काटात द्यावी म्हणून तिनं पदर खोचलाही. पण हा आवाज तिनं दोन वर्षांत ऐकला नव्हता. ती खाली बसली आणि बसल्या बसल्या तिला रडू आलं.

तेवढ्यात पोरं पाणी प्यायला धावली. मडकं एकच, पाणी प्यायचा गडवाही एकच. ज्या मोहल्ल्याच्या हातचं पाणी गावात चालत नव्हतं, तिथला टिकाराम आधी प्याला आणि त्यानंच भरून दिलेला गडवा जागेश्वरनं तोंडाला लावला.

मास्तर काहीतरी काढून घेतो म्हणतात ते हेच, पोराची जात! जन्मात पहिल्यांदा तिचा संशय खरा निघाला होता आणि तो कुणाला सांगायची सोय नव्हती. जातीनं वाळीत टाकलं असतं, तर पोराला कुणी पोरगी दिली नसती. दंडार तर त्याच दिवशी बंद पडली असती, आणि घरात पुन्हा तोच मुका जागेश्वर.

पण संशय काही तिच्या एकटीच्या मालकीचा नव्हता. दोन दिवसांनी जातीचे कारभारी केशोराव दारात उभे राहिले.

‘काऊन वो देवकाबाई, पोट्टे एकाच मडक्यातलं पानी पिऊन राहिले म्हन्तेत. तू तं समदं पायतेस.’

‘दोन मडके आहेत, भाऊ. मीनं आपल्या डोऱ्यानं पायलं.’

‘उद्या जातो मी पाहाले.’

‘जा ना. कोन अडवते?’

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिनं नवं मडकं डोक्यावर घेतलं आणि आखरावर पहिल्या मडक्यापासून हातभर लांब नेऊन ठेवलं.

‘हे कायले, काकी?’ मास्तरनं विचारलं.

‘तुमच्यासाठी नाही. पाहनाऱ्यासाठी.’

आता मास्तरच तिच्याकडे संशयानं बघू लागला.

केशोराव आले, लांबूनच दोन मडकी बघून गेले. आत कुणी वाकून पाहिलं नाही. त्यांच्या जागी देवकाबाई असती, तर तिनं पाहिलं असतं.

मंडईच्या दिवशी हिरव्या लुगड्यातला जागेश्वर आखरावर आला आणि सगळं गाव वळून देवकाबाईकडे बघू लागलं. तिनं तोंडाला पदर लावला. तिचे खांदे हलत होते. हसते आहे की रडते आहे, ते शेजारणीलाही कळेना.

खेळ संपल्यावर घसा कोरडा पडला म्हणून ती मडक्यांपाशी गेली. आधी आपल्या मडक्यात वाकून पाहिलं. सवयच ती. आत थेंब नव्हता. मग चहूकडे नजर फिरवून ती म्हणाली, ‘टिकाराम, पानी दे ना गा.’

टिकाराम जागचा हलेना. या बाईचा भरवसा कुणी धरावा?

‘मी देऊ?’

‘तं मंग कोन?’ ती म्हणाली, आणि ओंजळ न धरता तिनं गडव्यासाठी हात पुढं केला.