बुडीत गावाची बाई

“तुमचं गाव कुठलं?” पुण्याहून आलेल्या मॅडमनी विचारलं.

“पाण्याखाली हाय,” मी म्हणाले.

“म्हंजी ही मासळीच की राव!” शेजारच्या खुर्चीतून दादा बोलले. अवसरीच्या देवळाचा अख्खा सभामंडप हसला. मॅडमपण हसल्या. माझ्या पदराला त्यांनी छोटा माईक लावला होता. माझा श्वास, लोकांचं हसणं, सगळं त्यात भरत होतं.

जुन्या माणसांच्या तोंडून गावाचा इतिहास नोंदवायला ती मंडळी आली होती. दादा मोठे बागायतदार. मी त्यांच्याच रानात कांदा काढायचे. दादा पोटभर बोलले. पणजोबा, विहीर, पहिला ट्रॅक्टर. मजुरांतलं पण कुणीतरी हवं, म्हणून मला बसवलेलं. खुरपताना मी सगळं मनात जुळवलं होतं. आमचं डोंगरातलं गाव, धरण, बुडालेली खाचरं.

हसणं थांबल्यावर मॅडम म्हणाल्या, “तुम्ही तुमचं एखादं आदिवासी गाणं म्हणा ना.”

मी म्हटलं. खरंच म्हटलं. मान खाली घालून. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हसण्यापेक्षा त्या टाळ्यांनी मी जास्त मेले.

पुढं त्याची फिल्म पडद्यावर दाखवली. मी आईला घेऊन गेले. दादांचं नाव मोठ्या अक्षरांत. माझ्या तोंडाखाली लिहिलेलं, ‘गाणे गाताना मजूर महिला’. नाव नाही. गाव नाही. मागून कुणीतरी म्हणालं, “मासळी आली बघ.” आईनं माझ्याकडं पाहिलं. मला तिच्याकडं बघवेना.

घरी आल्यावर आई म्हणाली, “मी सांगितलं असतं की. पन मला कोन इचारतं?”

मी मोबाईलचं रेकॉर्डिंग चालू केलं. “सांग.”

“भात निसवलं व्हतं. पानी खाचरात शिरलं. सायेब म्हनत व्हते, निघा. मी कमरेएवढ्या पान्यात हुबी ऱ्हाऊन हिरव्याच लोंब्या कापल्या. तू काठावर रडत व्हतीस. दाना भरला नव्हता, खायच्या कामाच्या न्हाईत. तरी कापल्या. माझं रान व्हतं ते.” ती खोकली. “तेच पानी आता कालव्यानं हितं येतं. त्याच्यावर ह्यांचा कांदा पिकतो. आन आपुन ह्यांचं मजूर.”

कांदा काढणाऱ्या बायांना मी ते ऐकवलं. कुणी हसलं नाही. एकीनं मोबाईल माझ्या हातातून घेऊन स्वतःच्या तोंडापाशी धरला. “माझं बी घे.”

दादांच्या कानावर गेलं. बांधावर बोलावून म्हणाले, “पान्याचं तेवढं काढून टाक. काम पायजे ना तुला?”

मी मोबाईल कमरेला खोचला.

“न्हाई काढनार.”

खुरपं उचललं आणि निघाले. आता मंचरकडं दुसऱ्यांच्या रानात जाते. रोज काम मिळतंच असं नाही.

परवा मॅडमचा फोन आला. कुणाकडून तरी त्यांना कळलं होतं. आमची रेकॉर्डिंगं हवीत. “थोडं एडिट करून घेऊ,” म्हणाल्या.

लाज अजून गेलेली नाही. कुणी गाव विचारलं की कान तापतात. तरी मॅडमना सांगितलं, आधी आईचं नाव येईल. मग गावाचं. मग आईचं बोलणं, खोकल्यासकट, कालव्यासकट. एक शब्द कापायचा नाही. कापायचा असेल तर आमच्या दारात यायचं नाही.