रोज नवा शाफ्ट

नळदुर्गला घरी पोचले तेव्हा मी इतकी दमले होते की बॅग उघडायचाही कंटाळा आला. प्रबंधाचं चौथं वर्ष. पोलादी शाफ्ट पितळी बुशात, म्हणजे त्याला धरून ठेवणाऱ्या नळीत, फिरताना किती घर्षण होईल, हे आधीच सांगणारं गणित मी संगणकावर मांडत होते आणि ते प्रयोगशाळेतल्या आकड्यांशी काही केल्या जुळत नव्हतं. प्रयोगात घर्षण हळूहळू उतरायचं, माझ्या गणितात ते पहिल्या फेरीइतकंच राहायचं. या महिन्यात जुळलं नाही तर विषय सोडा, असं मार्गदर्शकांनी स्पष्ट सांगितलं होतं. खरं सांगते, सोडावासाच वाटत होता.

अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, हायवेला ट्रक दुरुस्तीचं गॅरेज. दुपारी तिथंच बाकड्यावर लॅपटॉप घेऊन बसले. अण्णा शाफ्टला निळा रंग लावून बुशात फिरवत होते. बुशात जिथं निळे ठिपके उठतात तिथंच धातू धातूला टेकतो. तेवढंच खरवडायचं, पुन्हा रंग, पुन्हा फेरी. ज्या 'प्रत्यक्ष स्पर्शाच्या क्षेत्रफळा'पायी मी चार वर्षं डोकं फोडत होते, ते यांच्या बोटांना लागलेलं होतं. रागच आला मला.

हात पुसत ते जवळ आले. पडद्यावर धातूचे बारीक उंचवटे दिसत होते.

"एक फेरी झाली की काय करतीस?"

"पुन्हा तोच पृष्ठभाग घेते अण्णा, दुसऱ्या फेरीला."

"म्हंजी तुझा शाफ्ट रोज नवाच व्हय? रुळू देतच न्हाईस की त्याला."

चूक एवढीच होती. दर फेरीला उंचवटे थोडे दबतात, झिजतात, हे मी गणितात घातलं. आठवड्याभरात आलेख जुळला. आनंदापेक्षा झोपच जास्त आली.

तरी सांगायला निघाले. अण्णा रेशनच्या दुकानात अंगठ्याच्या यंत्रापुढं उभे होते.

"काका, पुसून नीट दाबा की," दुकानदार म्हणाला.

अण्णांनी अंगठा शर्टाला पुसला, दाबला, पुन्हा पुसला. यंत्र काही घेईना.

"लई रुळला गं ह्यो," माझ्याकडं बघून ते हसले.

मी तो अंगठा हातात घेतला. रेषाच उरल्या नव्हत्या. धातूची झीज मी गणितात घातली होती, ही मात्र कधी पाहिलीच नव्हती; मला फार लाज वाटली. आलेख जुळल्याचं त्या दिवशी मी सांगितलंच नाही.